पायाच्या फुगलेल्या शिरा: आधी घोटा बघा, मग उपचार ठरवा

पायाच्या शिरा फुगल्या की सगळ्यांची नजर पोटरीवरच्या निळ्या गाठींवर जाते. मग त्या साडीखाली, सलवारीखाली झाकल्या जातात, हाफ पँट कपाटात जाते आणि वर्षानुवर्षं प्रश्न एकच राहतो: हे दिसतं ते घालवायचं कसं? माझं सांगणं असं, की आधी पोटरी सोडा आणि घोटा बघा. आतल्या बाजूच्या घोट्याच्या वर चार बोटं जागा असते. तिथली कातडी नितळ आणि मऊ असेल, तर पोटरीवर कितीही जाड शिरा दिसोत, तुमच्या हातात विचार करायला वेळ आहे. तिथे काळपट डाग पडलेत, खाज सुटते, कातडी चिवट झालीये, तर शिरा फारशा दिसत नसल्या तरी डॉक्टरांकडे जाणं पुढे ढकलू नका. व्हेरिकोज व्हेन्समध्ये, म्हणजे शिरा फुगण्याच्या या दुखण्यात, पायाचं खरं नुकसान याच जागी होतं. पाच-सहा वर्षांनी चिघळणारी जखमही बहुधा इथेच होते.

दिवसभर उभं राहून पोट भरणाऱ्यांना हे दुखणं जास्त भोवतं. एसटीचे कंडक्टर, चौकातले ट्रॅफिक पोलीस, शिक्षक, न्हावी, कढईपुढे उभे असणारे आचारी, कापडाच्या दुकानातल्या मुली. त्यांच्याच जोडीला सकाळपासून ओट्यापाशी उभ्या असलेल्या घरच्या बायका. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं, त्यामागे पाठीबरोबर पायांचाही विचार होता. कायदा असो-नसो, गल्ल्यामागे एक स्टूल ठेवायला मालकाचं काही जात नाही.

पायात नेमकं बिघडतं काय

हृदयाकडून पायाकडे रक्त येतं ते सहज येतं. परत वर जाताना त्याला उतरणीची मदत नसते. ते काम पोटरीचा स्नायू करतो. आपण चाललो की पोटरी आवळते, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. पोटरी सैल पडल्यावर ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठरावीक अंतरावर झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं; झडप गळाली की पायात तेच होतं. रक्त खाली साचतं, दाब वाढतो, शिरेची भिंत ताणली जाऊन ती लांबते, वळते आणि गाठीसारखी वर येते.

आकड्यात सांगायचं तर स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. निरोगी पायात चालायला लागलं की तो ३० च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. झडपा गळणाऱ्या पायात तो पुरेसा उतरत नाही. म्हणजे त्या घोट्याला दिवसभर विश्रांतीच मिळत नाही. कातडी काळी का पडते, खाज का येते, जखम का भरत नाही, या सगळ्याचं मूळ या न उतरणाऱ्या दाबात आहे.

आणखी एक गोष्ट उपचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाची. पायात शिरांच्या दोन व्यवस्था असतात. स्नायूंच्या आत खोल शिरा, ज्या बहुतांश रक्त वर नेतात, आणि कातडीखालच्या वरवरच्या शिरा. वरवरच्यांपैकी सर्वांत लांब शीर आतल्या घोट्यापुढून निघते आणि मांडीच्या आतल्या बाजूने चढत जांघेत खोल शिरेला मिळते. पुष्कळदा गळणारी झडप या जांघेतल्या सांध्यापाशी असते. म्हणजे गाठ पोटरीत दिसते, पण बिघाड दीड-दोन फूट वर असतो. नुसती गाठ काढून टाकली आणि वरची गळती तशीच ठेवली, तर शेजारची दुसरी शीर फुगणार हे ठरलेलं.

झडपा का बिघडतात? घराण्यात असणं हे सगळ्यांत मोठं कारण. त्यानंतर वय, बाळंतपणं, वजन, उभ्याचं काम आणि खोल शिरेत पूर्वी कधी झालेली गुठळी. गुठळीचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्याने उपचाराची दिशाच बदलते.

संध्याकाळी पाय तपासा

सकाळी सगळेच पाय बरे दिसतात. तपासायचं ते दिवस संपल्यावर. चांगल्या उजेडात दोन-तीन मिनिटं स्थिर उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी जांघेपासून घोट्यापर्यंत, पुढून आणि मागून, पाय बघायला सांगा. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर सहा महिन्यांनी तुलना करता येते.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-जांभळ्या रेषा दिसल्या, तर तो दिसण्याचा प्रश्न आहे, धोक्याचा सहसा नाही. तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड, उभं राहिल्यावर फुगणारी शीर म्हणजे व्हेरिकोज व्हेन. पुढची पायरी सुजेची: मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर खोल उमटतो, अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडतो आणि तो हळूहळू भरतो. त्यापुढे कातडी बदलते. आधी तपकिरी ठिपके, मग ते एकत्र होऊन काळा पट्टा, खाज, पाणी सुटणारा इसब, आणि शेवटी चरबी आवळून कडक झालेला, वर जाड आणि घोट्याशी बारीक असा पाय. शेवटची पायरी जखमेची. डॉक्टर हीच उतरंड ‘सी १’ ते ‘सी ६’ अशी लिहितात. कागदावर ‘सी ४’ किंवा त्यापुढचा आकडा दिसला तर कातडीपर्यंत नुकसान पोचलं असं समजा.

तक्रारींचाही एक ठसा असतो. पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात, ठणकतात, रात्री गोळा येतो. उभं राहून वाढतं, पाय वर घेतल्यावर उतरतं. तुमचं दुखणं असं वागत नसेल तर जरा थांबा. जिना चढताना गुडघा दुखतो, कमरेतून पायात कळ जाते, ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखून थांबावं लागतं: ही दुखणी अनुक्रमे गुडघ्याची, मणक्याची आणि धमनीची असू शकतात. गुडघा झिजलेल्या माणसाच्या पायावर दोन शिरा दिसतात म्हणून लेझर करून घेतलं, तर शीर जाते आणि गुडघा दुखतच राहतो. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर हृदय, किडनी, थायरॉइड बघावं लागतं. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी अम्लोडिपिननेही घोटे सुजतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा.

एक पाय अचानक सुजला, पोटरी घट्ट आणि दुखरी झाली, तर ती खोल शिरेतली गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा. त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. अशा पायाला मालीश करू नका, ‘नस चढली’ म्हणून चोळून घेऊ नका.

कलर डॉप्लर: उभं राहूनच

डोळ्यांनी बघून आणि हाताने चाचपून पूर्वी शस्त्रक्रिया ठरायच्या. आता कलर डॉप्लर, म्हणजे शिरांमधला रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केल्याशिवाय कुठलाही उपचार ठरवू नये. ही तपासणी दुखत नाही, सुई नाही, उपाशी राहावं लागत नाही. पण ती नीट झाली की नाही हे तुम्हीही ओळखू शकता.

झडपेची गळती शोधायची तर तुम्हाला उभं करायला हवं, एका पायावर भार देऊन दुसरा पाय सैल सोडलेला. तपासणारा पोटरी दाबतो, रक्त वर जातं. हात सोडतो आणि पडद्यावर बघतो की रक्त परत किती वेळ खाली वाहतंय. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त उलटा प्रवाह म्हणजे झडप निकामी. फक्त झोपवून, पाच मिनिटांत आटोपलेला डॉप्लर गुठळी आहे का एवढं बरं सांगतो, गळतीचं नीट सांगत नाही.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: खोल शिरा मोकळ्या आहेत का, गळती नेमकी कुठून सुरू होते, आणि मुख्य शिरेची जाडी मिलिमीटरमध्ये किती. या तिन्हींचा उल्लेख नसेल तर पुन्हा विचारायला संकोच करू नका. खोल शीर बंद असेल, तर वरवरची फुगलेली शीर हाच पायाचा पर्यायी रस्ता असू शकतो आणि तो बंद करणं अंगाशी येतं.

स्टॉकिंग घालण्याची रीत

स्टॉकिंग, म्हणजे पायाला बाहेरून दाब देणारा घट्ट लांब मोजा. ते घेतलं आणि कपाटात ठेवलं, ही घरोघरची गोष्ट आहे. दोष माणसांचा नाही, दुकानात मापही घेत नाहीत आणि घालायचं कसं तेही सांगत नाहीत.

आधी कुणी घालू नये ते सांगते. पायाच्या धमन्या अरुंद असतील तर बाहेरून दाब देणं धोक्याचं. मधुमेह, बरीच वर्षं विडी-सिगारेट, पावलं थंडगार, चालताना पोटरी दुखून थांबावं लागणं, यांपैकी काही असेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढून घ्या. ते ०.८ च्या खाली असेल तर नेहमीचं घट्ट स्टॉकिंग स्वतःच्या मनाने घालू नये, ०.५ च्या खाली असेल तर दाब देऊच नये. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, जास्त येऊ शकतो. म्हणून तिथे डॉक्टरांचाच सल्ला.

दाबाचे वर्ग असतात. जर्मन मानकाप्रमाणे क्लास १ म्हणजे घोट्याशी १८ ते २१ मिलिमीटर पारा आणि क्लास २ म्हणजे २३ ते ३२. जड पाय आणि थोडी सूज याला क्लास १ चालतं, कातडी बदलली असेल तर बहुधा क्लास २ लिहून देतात. बहुतेकांना गुडघ्याखालपर्यंतचं पुरतं. मांडीपर्यंतचं आपल्याकडच्या उकाड्यात कुणी महिनाभरही घालत नाही.

माप सकाळी, सूज नसताना द्या: घोट्यावरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या दोन बोटं खालपर्यंतची लांबी.

घालायची वेळ म्हणजे उठल्या उठल्या. आंघोळ उरकून घालायचं असेल तर पाय पुसून कोरडे करा आणि दहा-पंधरा मिनिटं पाय उशीवर घेऊन पडा. जोडवी आणि पैंजण काढा, नाहीतर धागा अडकतो आणि महागडं स्टॉकिंग पहिल्या आठवड्यात फाटतं. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला. त्यांनी कापडावर पकड येते आणि नखंही लागत नाहीत. आता हात आत घालून टाच पकडा आणि स्टॉकिंग टाचेपर्यंत उलटं करा. पाऊल आत सरकवा, टाच टाचेच्या जागी बसली की उरलेलं थोडं थोडं वर चढवा. वरून काठ धरून ओढू नका. तळव्याने सुरकुत्या सारख्या करा. वरचा काठ दुमडू नका, कारण दुमडलेला काठ दुप्पट आवळतो आणि खालचं रक्त अडवतो.

रात्री काढायचं. कोरड्या कातडीला खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर तेव्हा लावा. सकाळी लावलं तर कापड चढत नाही. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. पावसाळ्यात एक जोड दिवसभरात वाळत नाही, म्हणून दोन हवेत. रोज वापरलं तर साधारण सहा महिन्यांत ताण उतरतो. सहज चढायला लागलं की ते संपलं. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, दुखलं तर लगेच काढा.

स्टॉकिंगने झडप दुरुस्त होत नाही. घातलं आहे तोवर दाब आटोक्यात राहतो, इतकंच.

रोजची सवय

यात फार काही नाही, पण जे आहे ते रोज करावं लागतं. उभ्याच्या कामात दर अर्ध्या तासाला वीस-पंचवीस वेळा टाचा उचला. लोकलमध्ये दांडी धरूनही होतं. कणीक मळणं, भाजी चिरणं बसून करा. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटं पाय हृदयापेक्षा वर राहतील असं झोपा. खुर्चीवर बसून पुढच्या स्टुलावर पाय ठेवणं बरं, पण ते पुरेसं नाही. चाला, कारण पोटरीचा पंप चालण्यानेच चालतो. वजन उतरलं तर पाय हलके होतात.

डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्यांनी जडपणा आणि सूज काहींना कमी वाटते. फुगलेली शीर मात्र त्यांनी बसत नाही. कुठल्याही लेपाने, काढ्याने किंवा व्हिनेगरनेही बसत नाही, जाहिरातीतल्या आधी-नंतरच्या फोटोंत काहीही दाखवलेलं असो.

शीर बंद करण्याचे उपाय

त्रास नसेल, कातडी चांगली असेल, डॉप्लरमध्ये गळती थोडी असेल, तर काहीही न करणं हा पूर्ण योग्य निर्णय आहे. त्रास होत असेल, सूज राहत असेल, कातडी बदलली असेल, शिरेत गुठळी होऊन ती लाल-दुखरी झाली असेल किंवा रक्तस्राव झाला असेल, तर गळणारी मुख्य शीर बंद करावी. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये क्रम घालून दिला: आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमत नसेल तर फोम (शिरेत औषधाचा फेस सोडणं), तेही नसेल तर शस्त्रक्रिया. आपल्याकडे मोठ्या शहरांत आता हाच क्रम रूढ होतोय.

उष्णता दोन प्रकारे देतात, लेझरने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे रेडिओलहरींच्या ऊर्जेने. सोनोग्राफीत बघत गुडघ्याजवळ सुईएवढं छिद्र पाडून बारीक नळी शिरेत चढवतात. शिरेभोवती भूल मिसळलेलं गार सलाइन सोडतात. हेच टोचणं जरा जाणवतं. त्यानंतर दुखत नाही. मग आतून उष्णता देत नळी मागे घेतात. शीर आवळून बंद होते आणि शरीर ती हळूहळू जिरवतं. एका पायाला तासाभराच्या आत काम होतं, त्याच दिवशी चालत घरी जाता येतं, आणि चालणं गरजेचंच असतं. मांडीत दोरी ओढल्यासारखं लागणं, निळसर डाग, घोट्याजवळ थोडी बधिरता हे काही आठवडे राहू शकतं. खोल शिरेत गुठळी होण्याची शक्यता कमी, पण असते. लेझर की रेडिओफ्रिक्वेन्सी यावर फार डोकं शिणवू नका. तुमचे सर्जन ज्यात सरावलेले आहेत, ते चांगलं.

‘शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून?’ हा प्रश्न हमखास येतो. ती शीर रक्त वर नेतच नव्हती, उलटं खाली आणत होती. मोकळ्या खोल शिरा काम सांभाळतात. पुढेमागे हृदयाच्या बायपासला पायाची शीर लागते ही शंकाही योग्य आहे. पण फुगून वाकडी झालेली शीर त्या कामाला सहसा घेता येत नाही. हृदयाचा आजार असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोला.

वैद्यकीय गोंदाने शीर चिकटवतात, त्यात भुलीची टोचणी वाचते, खर्च वाढतो आणि काहींना शिरेवर लाल, खाजरी प्रतिक्रिया येते. फोम म्हणजे औषध हवेत घुसळून केलेला फेस. वेड्यावाकड्या आणि पुन्हा उद्भवलेल्या शिरांना तो सोयीचा, पण एकापेक्षा जास्त बैठका लागू शकतात आणि तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहू शकतात. जांघेत चिरा देऊन शीर बांधणं आणि ओढून काढणं ही जुनी शस्त्रक्रिया आजही होते, आणि चांगल्या हातांनी केली तर कमअस्सल नाही. पोटरीवरच्या गाठी हव्या तर बारीक छिद्रांतून त्याच वेळी काढतात.

गरोदरपणात यातलं काही करत नाहीत. स्टॉकिंग, डाव्या कुशीवर झोपणं आणि चालणं एवढंच. बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळ शिरा आपोआप उतरतात, त्यामुळे पुन्हा डॉप्लर करूनच ठरवा.

जखम झाली असेल तर

हळद, राख, चुना, तंबाखू काही लावू नका. वर्षभर प्रतिजैविकं आणि मलमं बदलत राहूनही जखम भरत नाही, कारण दाब तसाच असतो. धमन्या ठीक असल्याची खात्री करून थरांची दाबपट्टी बांधावी लागते. ती बोटांच्या मुळापासून सुरू होते, टाच झाकते आणि गुडघ्याखाली संपते. घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल. टाच उघडी ठेवून बांधलेल्या पट्टीने पाऊल सुजतं.

पूर्वी जखम भरेपर्यंत शिरेला हात लावत नसत. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एव्ह्रा या अभ्यासाने हे बदललं. दाबपट्टीबरोबर लवकर शीर बंद केलेल्या गटात निम्म्या रुग्णांची जखम ५६ दिवसांत भरली, थांबलेल्या गटात त्यालाच ८२ दिवस लागले. तेव्हा ‘आधी जखम भरू द्या, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या.

शीर फुटून रक्त आलं तर

हे बहुधा बाथरूममध्ये, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर होतं. कातडी पातळ झालेली असते, दुखत नाही, आणि रक्त धारेने उडतं. घाबरून नळाखाली पाय धरून उभं राहू नका. उभं राहिल्याने दाब वाढतो आणि रक्त जास्त जातं. तिथेच जमिनीवर आडवे व्हा, पाय बादलीवर किंवा भिंतीला वर टेकवा, स्वच्छ कापडाची घडी थेट जागेवर ठेवून बोटांनी घट्ट दाबा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. वरच्या बाजूला दोरी किंवा रुमाल आवळू नका. थांबलं नाही, चक्कर आली किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर १०८ ला फोन करा. थांबलं तरी त्याच आठवड्यात सर्जनना दाखवा, कारण तीच जागा पुन्हा फुटते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे आधीच समजावून ठेवा. या साध्या रक्तस्रावाने जीव गेल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

पैशाचं आणि पुढचं

बऱ्याच आरोग्य विम्यांत व्हेरिकोज व्हेन्सला सुरुवातीची दोन वर्षं प्रतीक्षा असते, म्हणून तारीख ठरवण्याआधी पॉलिसी वाचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि डॉप्लर घेऊन त्याला भेटा आणि आपला उपचार यादीत बसतो का ते विचारा. खासगीत लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात एक पाय धरलाय की दोन, पोटरीवरच्या गाठी धरल्यात की नाहीत, नंतरचा डॉप्लर धरलाय का, हे स्पष्ट करून घ्या.

उपचारानंतर आठवडाभरात एक डॉप्लर होतो, खोल शिरेत गुठळी नाही हे बघायला. पुढे नव्या शिरा येऊ शकतात, कारण शिरांची ठेवण बदललेली नसते. ज्यांच्या घोट्याची कातडी आधीच काळी पडली होती त्यांनी शीर बंद झाल्यावरही कामाच्या दिवशी स्टॉकिंग सोडू नये आणि वर्षातून एकदा पाय दाखवावेत. काळेपणा पुसट होतो, पूर्ण जात नाही. कातडी मऊ होत चालली असेल तर उपचार लागू पडलाय.